कडेच्या कुंडीतल्या काठ्या

त्र्यंबकराव पोंक्षे यांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि सरकार त्यांना पगार देत होतं तो याच गुणासाठी. ठाण्याच्या खाडीकाठी, कोपरीच्या अंगाला जी मिठागरं होती, त्यांतल्या एका नाक्यावर ते कारकून होते. मिठावर सरकारी कर. तेव्हा आगरातून चिमूटभर मीठसुद्धा परवान्यावाचून बाहेर जाता कामा नये, एवढं त्यांनी पाहायचं. ते पाहत. घरी गेल्यावरही त्यांचं पाहणं थांबत नसे. दूधवाल्याच्या चरवीत बोट बुडवून झालं की ते आपल्या पंचांगातली तिथी शेजाऱ्याच्या पंचांगाशी ताडून बघत, न जाणो छापणाऱ्याने फसवलं असेल.

अशा माणसाच्या मनात पाल चुकचुकायला फारसं निमित्त लागत नाही. अठराशे ब्याण्णव सालच्या माघात ते मिळालं.

नाक्याच्या ओट्यावर बसून दुर्बिणीतून आगर न्याहाळायचं, हा त्यांचा रोजचा शिरस्ता. दुर्बीण त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून स्वतः आणलेली. प्रत्यक्ष बांधावर ते क्वचितच उतरत. बांध निसरडे, चिखल खारा, आणि त्यांचा जोडा पुण्याचा. तर एके दिवशी दुर्बिणीत त्यांना पार कडेची, तिवरांच्या झुडपांना लागून असलेली कुंडी दिसली. कुंडी म्हणजे मीठ पिकायचं उथळ खाचर. हिचा बांध खचला होता आणि दोन वर्षांत तिच्यात कोणी मीठ ओढलं नव्हतं. त्या टाकलेल्या कुंडीत पाच काठ्या उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चार होत्या. तिसऱ्या दिवशी सात.

आणि रोज दुपारी, बाकीचे भाकरी सोडायला बसले की रंगूबाई तिकडे जाई. रंगूबाई आगरी, पन्नाशीची, कासोटा घातलेली, कुंड्यांतलं मीठ टोपलीने राशीवर नेऊन टाकणारी. तिचा नवरा आणि दोन मुलगे याच आगरावर राबत. बाई बोलायला थोडी आणि चालायला ताठ. त्र्यंबकरावांना ताठ चालणारी माणसं मुळातच आवडत नसत.

त्यांनी विचार केला आणि त्यांना सगळं लख्ख दिसलं. काठ्या म्हणजे खूण. खाडीतून होड्या येतात, काठ्या मोजून किती मीठ कुठून उचलायचं ते ओळखतात, आणि भरतीच्या पाण्यावर पसार होतात. त्यांनी कागदावर रकाने पाडले: काठ्या किती, भरती कधी, होड्या किती. पाच काठ्यांच्या दिवशी पाच होड्या गेल्या होत्या. त्यांना गहिवरून आलं. सात काठ्यांच्या दिवशी मात्र होड्या तीनच गेल्या, तेव्हा उरलेल्या चार आपली नजर चुकवून गेल्या असं त्यांनी ठरवलं.

संध्याकाळी नाक्यावर झाडतीवाली बाई सगळ्या मजुरणींची झाडती घेई. त्र्यंबकरावांनी तिला बजावलं, रंगूबाईला नीट बघ. तिने नीट बघितलं. भाकरीचा तुकडा निघाला, तंबाखूची डबी निघाली, मीठ निघालं नाही. काहीच सापडत नाही म्हणजे बाई किती मुरलेली आहे पाहा, असं त्र्यंबकराव मनाशी म्हणाले.

त्यातून भिवाचंही पाणी त्यांना गढूळ दिसू लागलं. भिवा नाक्याचा शिपाई, आठ वर्षं त्यांच्या हाताखाली. तोही दुपारी त्या कुंडीकडे जाऊन येई. एकदा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे भिवा, तिकडे काय आहे?"

"कुटं, भाऊसाहेब?"

"त्या कडेच्या कुंडीत."

"पानी हाय," भिवा म्हणाला आणि खांबाला टेकून उभा राहिला.

झालं. त्र्यंबकरावांनी त्याच दुपारी टाक उचलला आणि तालुक्याच्या साहेबाला चार पानी अर्ज लिहिला. रंगूबाईचं नाव, तिच्या नवऱ्याचं नाव, मुलांची नावं, शिपायावर संशय, सोबत रकान्यांचा तक्ता. टपाल गेलं आणि लगेच उत्तर आलं: साहेब गुरुवारी सकाळी आठला जातीने येतात.

बुधवारी दुपारी त्र्यंबकरावांना वाटलं, साहेबापुढे जायचं तर काठ्यांची लांबी-जाडीही लिहून ठेवावी. त्यांनी जोडे काढून हातात घेतले, धोतर खोचलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा ते त्या कुंडीकडे निघाले. वाटेत दोनदा घसरले. तोंडाने एक शिवी निघाली, ती त्यांनी अर्ध्यावर गिळली.

कुंडीपाशी पोचले आणि त्यांचे डोळे दिपले.

काठ्या नुसत्या टेकूच्या होत्या. दुर्बिणीला बांधाआडून वरची टोकं तेवढी दिसत. खाली, आटत आलेल्या खाऱ्या पाण्यात, प्रत्येक काठीला काहीतरी बांधून सोडलेलं होतं आणि त्या प्रत्येकावर मीठ धरलं होतं. बाभळीची एक फांदी होती. तिच्या काट्याकाट्यावर मिठाचा चौकोनी खडा बसला होता, एकेक कोरून घासून ठेवल्यासारखा. एक कासव होतं, करवंटीवर वाढवलेलं. आणि मधोमध मोर. माडाच्या झावळीच्या हिरांचा पिसारा पसरलेला, त्याच्या एकूण एक हिरावर मिठाचे दाणे, टोकाशी मोठे, बुडाशी बारीक. ऊन त्यातून आरपार जात होतं. वारा नव्हता, तरी उन्हाने तो हलतोय असं वाटत होतं.

वीस वर्षं त्र्यंबकराव मिठात होते. मिठाच्या राशी, मिठाचे परवाने, मिठाचे चोर, सगळं त्यांनी पाहिलं होतं. मीठ असं दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते उकिडवे बसले, आणि काय मोजायला आलो होतो ते त्यांना आठवेना.

मागे पावलं वाजली. रंगूबाई, तिच्यामागे पाच-सहा बाया आणि सगळ्यांच्या शेवटी भिवा. त्र्यंबकरावांना बघून सगळी बांधावर जागच्या जागी थांबली.

"हे तू केलंस?" त्यांनी विचारलं.

"कय नाय, भावसाब. खेल हाय." रंगूबाईचा चेहरा दगडासारखा झाला होता. "मीठ कुटं नेत नाय मी. बगून झाला का परत राशीव टाकतो. सरकारचा मीठ सरकारलाच."

"पण करतेस कशाला?"

"दिसभर डोईव मीठ वाहतो," ती म्हणाली, "पन डोईवरचा मीठ दिसत नाय. एकदा बगावा म्हनला."

त्र्यंबकराव उठले आणि नाक्यावर परतले. मागून भिवा आला. खांबाला टेकून तो आपणहून बोलला.

"ते कासव माजं हाय, भाऊसाहेब. म्हंजे माज्यासाठी केलेलं. बायको गेली तवा पयलं केलं रंगूबायनं. मी येडा झालेलो. रोज दुपारी जाऊन बसायचो, तर ती म्हनायची, बस, बग, आज वाईच वाढलंय. अकरा दिस वाढत होतं. मग इरघळलं तर परत केलं. कोनाचं पोर आजारी, कोनाचा पाय मिठानं सडलाय, त्याच्यासाठी काय ना काय करते ती. समद्या आगराला ठाव हाय."

"मला नव्हतं ठाऊक."

"तुमाला कोन सांगनार?" भिवा म्हणाला. त्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

भिवाची बायको गेल्याचं त्र्यंबकरावांना आठवत होतं. भिवाने चार दिवसांची रजा मागितली होती. बाई खरोखर वारली की नाही, याची त्यांनी त्याच्या गावच्या पाटलाकडून खातरजमा करून घेतली होती, आणि पाटलाचं उत्तर आल्यावरच रजा मंजूर केली होती. त्यांना आपली शरम वाटली. कानशिलं तापेपर्यंत वाटली.

पण अर्ज गेला होता. आणि कायदा त्यांना तोंडपाठ होता. राशीवर परत टाको की खाडीत, टाकलेल्या कुंडीत परवान्यावाचून मीठ पाडलं तो गुन्हाच. साहेबापुढे तक्ता खोटा ठरवता येईल, मोर कसा खोटा ठरवणार? रंगूबाईला सहा महिने तुरुंग, नवऱ्याचं आणि मुलांचं आगरातलं काम बंद, भिवाचा पट्टा जमा. हे सगळं आपण आपल्या वळणदार अक्षरात मागवून घेतलंय, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना. ते घरी गेले आणि जेवणाच्या पानावरून तसेच उठले.

गुरुवारी उजाडताच ते आगरात आले. दोन घागरी गोडं पाणी त्यांनी स्वतः वाहून आणलं होतं. कुंडीच्या चिखलात गुडघाभर उतरून त्यांनी आधी फांदीवर पाणी ओतलं, मग कासवावर. मोराशी हात अडला. पण तिकडे साहेबाच्या टांग्याची वेळ होत आली होती. त्यांनी घागर कलती केली. पिसारा टोकाकडून विरघळत आत गेला आणि शेवटी ओले हीर तेवढे राहिले. ते त्यांनी मोडून तिवरांत भिरकावले. काठ्या उपटल्या.

मान वर केली तर कामाला आलेल्या बाया बांधावर उभ्या होत्या. रंगूबाई पुढे होती. तिने सगळं पाहिलं होतं. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि ती कामाला निघून गेली.

साहेब आला तेव्हा कुंडीत गढूळ पाण्याशिवाय काही नव्हतं. त्र्यंबकराव ओल्या धोतराने उभे राहून म्हणाले की भरतीचं पाणी मोजायला कोणी काठ्या रोवल्या होत्या, आपली समजूत चुकली. साहेबाने भिवाला हिंदुस्थानीत विचारलं, इथे काय होतं? भिवा म्हणाला, पानी. मग साहेबाने त्र्यंबकरावांना सर्वांसमक्ष अर्धा तास झापलं, आणि बढतीसाठी त्यांचं नाव जाणार होतं ते गेलं नाही.

आगराला एवढंच समजलं, की भाऊसाहेबाने साहेबाला बोलावलं आणि बाईचा खेळ बुडवला. खोटंही नव्हतं त्यात. दुपारचं त्या कुंडीकडे कोणी फिरकेना. भिवा विचारलं तेवढं बोले.

आठवडाभराने एका दुपारी त्र्यंबकराव एकटेच उतरले आणि त्यांनी कुंडीत एक काठी रोवली. तिला एक वाळकी डहाळी बांधून पाण्यात सोडली. हाही गुन्हाच होता, आणि त्याचं कलम त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. रोज दुपारी ते जात, डहाळी वर काढून बघत, परत सोडत. डहाळीला शेवाळ धरलं, मीठ धरेना. आगरात कुजबुज सुरू झाली. भाऊसाहेब सापळा लावतोय, कोणी तिकडे बघू नका. बाया त्या बाजूने जाताना पदर ओढून मान फिरवून जात. दुरून आपल्यावर कोणीतरी संशय घेतंय, हे माणसाला कसं लागतं ते त्र्यंबकरावांना त्या दिवसांत कळलं.

तीन आठवडे असे गेले. एक दिवस ते डहाळी वर काढून बघत असताना रंगूबाई येऊन बांधावर उभी राहिली.

"साहेब येनार व्हता म्हून इरघलवलात?"

"हो."

"साहेबाला कोनी बोलावलता?"

उत्तर द्यायला फार कठीण प्रश्न होता. त्र्यंबकरावांनी पाण्याकडे बघितलं. "मीच," ते म्हणाले. "तू चोर आहेस असं लिहिलं होतं मी. तुझ्या मुलांचीही नावं घातली होती."

रंगूबाई कुंडीत उतरली, त्यांच्या हातातून डहाळी घेतली आणि तिच्यावरचं शेवाळ अंगठ्याने खरवडलं. पदराच्या काठाचं सूत ओढून काढलं आणि डहाळीच्या बेचक्याबेचक्यातून ते गुंडाळत गेली.

"नुसत्या लाकराव मीठ बसत नाय. त्याला धराया कायतरी लागतं," ती म्हणाली. डहाळी तिने पाण्यात सोडली, इतकी हलकेच की तरंगही उठला नाही. "आनी रोज वर काहारून बगू नका. पानी हलतं. हलत्या पान्यात कयच धरत नाय. पाच दिस इकरं येऊ नका, भावसाब."

"आणि कोणी काढून नेली तर?" त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

रंगूबाईने त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्र्यंबकराव ओशाळले.

ते पाच दिवस त्यांना फार जड गेले. नाक्याच्या ओट्यावर ते आगराकडे पाठ करून बसत. दूधवाल्यावरही त्यांचं लक्ष नव्हतं. सहाव्या दिवशी दुपारी ते अहवाल लिहीत होते, तर भिवा दारात येऊन उभा राहिला.

"भाऊसाहेब, चला. समदी येऊन थांबल्यात. रंगूबाय म्हनते, तुमी आल्याबिगर कोनी बघायचं नाय."

त्र्यंबकराव टाक तसाच टाकून उठले, आणि खुंटीवरचा अंगरखा घालायचं विसरून उघड्याच अंगाने भिवाच्या मागोमाग निघाले.