हाताची घडी

कीर्तीने 'घर' हा शब्द 'धर' असा वाचला, तेव्हा मुख्याध्यापक लालासाहेबांनी तिचा कान धरला. म्हणजे वाचलं ते काही अगदीच चूक नव्हतं. पण शाळेत विनोदाला गुण नसतात.

चौथीतली ही पोर बोलायला वकील. पुस्तक समोर आलं, की भावकीने बांध सरकवावा तशी घ-ध आणि भ-म ही अक्षरं एकमेकांच्या हद्दीत शिरत. वर्गशिक्षिका राजेश्वरीबाईंना साताऱ्याच्या प्रशिक्षणात कळलं, की याला डिस्लेक्सिया म्हणतात. बुद्धीत खोट नसते, अक्षरांची वाट तेवढी निराळी असते. बाकीचे शिक्षक जेवणात गोड काय आहे याची चौकशी करत होते, तेव्हा बाईंनी उपाय उतरवून घेतला. अक्षर नुसतं डोळ्यांनी शिकवायचं नाही. हाताने, तोंडाने, अख्ख्या अंगाने शिकवायचं.

मग वर्गात परात आली, परातीत रवा आला. कीर्ती रव्यात बोटाने अक्षर काढी आणि मोठ्याने म्हणे, "ध च्या डोक्याला गाठ, घ चं डोकं सपाट." भ आणि म यांचाही निवाडा असाच गाठीवर लागला. दिवाळीपर्यंत ती वाचू लागली. मात्र बोट हवेत फिरत असेल तरच.

तिचे वडील पायगोंडा एकदा खिडकीतून बघून गेले. "रवा खायाचा असतोय, बाई," एवढंच म्हणाले.

आज तालुक्याचे साहेब वाचन तपासायला येणार होते. कीर्तीला वाचता आलं नाही, तर तिला सांगलीला 'असल्या पोरांच्या' वसतिगृहात धाडायचं, असं लालासाहेब आणि पायगोंडांचं ठरून गेलं होतं. लालासाहेबांनी सोपी वाटही सुचवली होती: पोरीला आजच्यापुरता ताप यावा, पुढचं पुढं बघू. बाईंनी ठाम नकार दिला. त्या नकाराचा निकाल आता लागणार होता.

साहेबांनी फळ्यावर ओळ लिहिली: 'भल्या पहाटे मधू घराबाहेर पडला.' चारही वैरी एका ओळीत.

कीर्ती बाकामागे उभी राहिली. पायात खास आजच्यासाठी आणलेले काळे बूट, वाढत्या पायाचा विचार करून चांगले मोठे. तिचं बोट हवेत उठलं.

"वारा कुणाला घालतेस?" साहेब म्हणाले. "हाताची घडी. मग वाच."

बाई सांगायला पुढे झाल्या. साहेबांनी त्यांना नुसता तळहात दाखवला.

कीर्तीने घडी घातली. ओठ हलले, आवाज फुटेना. व्हरांड्यात येऊन उभ्या राहिलेल्या पायगोंडांनी मान खाली घातली. लालासाहेबांच्या चेहऱ्यावर 'तरी सांगत होतो' हळूहळू उमटू लागलं. बाईंच्या डोळ्यांपुढे पोरीची पत्र्याची ट्रंक आली, एसटीच्या टपावर बांधलेली. तापच बरा होता.

तेवढ्यात बाकाखाली काहीतरी धप्पकन पडलं. डावा बूट. उघडा अंगठा फरशीवर हळूच फिरला. आधी गाठ, मग पोट, मग काना.

"भ," कीर्ती म्हणाली. "भल्या."

पायाकडे बघावं तर साहेबही बघतील, म्हणून बाई छताकडे बघत राहिल्या. 'पहाटे' झालं, 'मधू' झाला. घ पाशी सगळं थांबलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. पातळाआड बाईंचा अंगठाही फरशीवर फिरू लागला, जणू तो इथून तिथे पोचणार होता.

"घ... घराबाहेर पडला."

साहेब प्रसन्न झाले. घडी घातली की चित्त एकाग्र होतं, हे आपण नोकरीला लागल्यापासून सांगतोय, असं म्हणाले. उद्यापासून शाळेभर वाचन हाताची घडी घालूनच होईल, हे लालासाहेबांनी जागच्या जागी जाहीर केलं.

पायगोंडांनी वसतिगृहाचं नावच काढलं नाही. पोरीच्या उघड्या पायाकडे ते बराच वेळ बघत राहिले. मग पुटपुटले, "बूट लय मोठं झालं व्हय?"

"बरं झालं," बाई म्हणाल्या आणि लालासाहेबांकडे वळल्या. "सर, मग वर्गात बूटसुद्धा नकोत. शिस्त म्हणून."

शिस्त म्हटल्यावर लालासाहेब कशालाच नाही म्हणत नसत.