आईचं लंगडणं

छोटीला एकोणीस पूर्ण झाली होती, पण नाव अजून छोटीच. सहाव्या वर्षी गुडघ्यांना आणि बोटांना संधिवाताने धरलं, तेव्हा मुलांच्या दवाखान्यातल्या नर्सने ठेवलेलं ते नाव चिकटलं ते चिकटलंच. तेरा वर्षं ती भिंतींवर मासे रंगवलेल्या त्या खोलीत जात होती. डॉक्टर विचारायचे, आई सांगायची आणि छोटी मासे मोजत बसायची. कुठलं इंजेक्शन, किती, कधी, सगळं आईला तोंडपाठ. छोटीला एवढंच ठाऊक की ते पिवळं असतं आणि शुक्रवारी घ्यायचं असतं.

मग एक दिवस त्या डॉक्टरांनी पाठीवर थाप मारून सांगितलं, "आता मोठ्यांच्या दवाखान्यात जायचं हं. मोठी झालीस तू." झाली म्हणे!

मोठ्यांच्या दवाखान्यात मासे नव्हते. खुर्च्यांच्या चार रांगा, त्यात काठ्या, कुबड्या, गुडघ्यांचे पट्टे, आणि सगळ्यांचे केस पांढरे. छोटी टोकन मुठीत धरून बसली, नंबर तेवीस; शेजारी आई, मुलांच्या दवाखान्यातली जुनी फाइल घेऊन. आपल्याकडेच सगळे बघताहेत असं तिला वाटत होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. खरं तर जो तो आपापल्या दुखण्यात होता.

तासाभराने दारातून एका म्हाताऱ्या बाईंचा हात धरून मालकीणबाई आत आल्या, आणि छोटीने चेहरा ओढणीआड नेला.

मालकीणबाईंचं चष्म्याचं दुकान. छोटी तिथे तीन महिने कामाला होती. फ्रेमचे तिळाएवढे स्क्रू बसवायचे, काड्या सरळ करायच्या, काचा पुसायच्या. सकाळी तिची बोटं तासभर नीट मिटत नसत. मग उशीर व्हायचा आणि ती खापर बसवर फोडायची. आजाराबद्दल तिने दुकानात चकार शब्द काढला नव्हता. तिला कायम करायचं की नाही, हे या महिनाअखेरीला ठरणार होतं. स्क्रू बसवायला दुखऱ्या बोटांची पोरगी कोण ठेवील?

"अगं, तू कशी इथं?" मालकीणबाईंनी विचारलं. "मी सासूबाईंना घेऊन आलेय."

"मी आईला," छोटी म्हणाली. "गुडघे फार दुखतात तिचे."

तोंडातून गेलं ते गेलं. आईने एकदा लेकीकडे पाहिलं, मग गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "काय करायचं, वय झालं आता." आई त्रेचाळीसची होती आणि घराचे चार जिने दिवसातून तीनदा चढायची.

"लेक गुणाची हो तुमची," मालकीणबाई शेजारी बसत म्हणाल्या. "आईबापांना घेऊन येणारी मुलं राहिलीत कुठं!"

छोटीला खुर्चीखाली शिरावंसं वाटलं.

"तेवीस!" नर्स ओरडली. "पेशंटने एकट्याने यायचं. नातेवाईक बाहेर थांबतील."

छोटीने उठायला हवं होतं. ती उठली नाही. आईने क्षणभर वाट पाहिली, मग फाइल उचलली, तिच्यावरचं अस्वलाचं स्टिकर छातीकडे वळवलं आणि निघाली. लंगडत. डावा पाय आधी, उजवा मागून ओढत, हात भिंतीला. ही चाल कुणाची ते छोटीला लगेच कळलं. वाईट दिवसांतली तिचीच होती. तेरा वर्षं बाईने नुसती बघितली होती, आणि आता हुबेहूब काढून दाखवली.

पाच मिनिटांत दार उघडलं. "अहो, या बाईंची मुलगी कोण?" नर्सने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "डॉक्टर म्हणतात, आईचं ऐकून औषध देता येत नाही. सांधे तिचे बघायचेत."

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. छोटी उठायला गेली, पण तासभर बसून गुडघे आखडले होते. दोनदा खुर्चीला धरावं लागलं. मग डावा पाय आधी, उजवा मागून ओढत. मालकीणबाई बघत होत्या.

आत डॉक्टरबाईंनी आईला बाहेर पाठवलं आणि विचारलं, "कुठलं इंजेक्शन घेतेस?"

"पिवळं," छोटी म्हणाली, आणि तिचे कान तापले.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी इंजेक्शनचं नाव कागदावर लिहून दिलं. "किती चुकली?"

"एकही नाही." मग तो कागद दुमडत, "पाच." इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशी मळमळायचं, आणि शनिवारी दुकानात गर्दी. घरात न्हाणीघराचं दार लावून ती औषध बेसिनमध्ये सोडायची आणि बाहेर येऊन दंडावर कापूस धरायची. आई कापूस बघून निश्चिंत व्हायची.

ती बाहेर आली तेव्हा आई मालकीणबाईंना सांगत होती, "तपासायला तिलाही बोलावलं हो. घराण्यात असतं ना." आणि गुडघा चोळत होती. लेकीला बघून ती उठली, तिने पहिलं पाऊल टाकलं, आणि तेही लंगडंच.

छोटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, नीट चाल," ती म्हणाली. मग मालकीणबाईंकडे वळली, पण बघितलं त्यांच्या चपलांकडे. "तिचे गुडघे ठणठणीत आहेत. संधिवात मला आहे, सहाव्या वर्षापासून. बसला कधीच उशीर झाला नव्हता."

सासूबाईंनी मान वर केली. मालकीणबाई त्यांचा हात धरत म्हणाल्या, "उद्या दुकानात बोलू." आवाजावरून काही कळलं नाही.

फाटकाबाहेर आल्यावरही आईचा पाय ओढतच होता.

"आई, पुरे ना. कुणी बघत नाही आता."

"अगं, सोंग नाही, खरंच भरून आलाय," आई कठड्याला धरून म्हणाली. "त्या दारापर्यंत जायचं नि यायचं, तेवढ्यात कळ आली बघ मांडीत. तू कशी गं चालतेस अशी?"

छोटीने मान खाली घातली.

"पाच शुक्रवारची इंजेक्शनं मी बेसिनमध्ये सोडली, आई."

आईने फाइल लेकीच्या हातात दिली, स्टिकर वर करून. मग दोघी लंगडत बसथांब्याकडे निघाल्या.