तारेखालचं जांभूळ

गंगाधररावांची तेरवी आटोपली आणि दुसऱ्याच दिवशी शेजारचे नरहरभाऊ करवतवाल्याला घेऊन फाटकाशी आले.

नवीन राज्य झाल्यापासून ह्या हिंदी मुलखातल्या समता कॉलनीत घरं वाढली तशा विजेच्या ताराही वाढल्या. एक तार कुसुमताईंच्या अंगणातल्या जांभळाच्या शेंड्यातून गेली होती. जांभळं पाडताना गंगाधररावांची लोखंडी आकडी तिलाच लागली, आणि ते जागच्या जागी गेले.

"वहिनी, मुळासकट काढून टाकू," नरहरभाऊ म्हणाले. "रोज डोळ्यांसमोर काहून ठेवायचं?"

"मैंने हाँ बोल दिया है, आई," पुष्कर म्हणाला. उरला गावातल्या मिलमध्ये कामावर तो उद्यापासून परत जाणार होता.

कुसुमताई झाडाकडे पाहत राहिल्या. राग येईल असं त्यांना वाटलं होतं. आला नाही. इतक्या दिवसांत काहीच आलं नव्हतं. भेटायला आलेल्या बाया रडल्या की त्या पदर तोंडाला लावत, एवढंच.

"तोडू नका. तारेजवळच्या फांद्या तेवढ्या छाटा."

"अहो, पण ह्याच झाडानं..."

"झाडानं काय केलं? उन्हाळ्यात लाइनवाले छाटायला आले होते. ह्यांनीच वापस पाठवले. म्हणे, जांभळं उतरू द्या, मग या." भाजीचा भाव सांगावा तसा त्यांचा आवाज होता.

नरहरभाऊ चपलेकडे पाहू लागले. पुष्करनं हळूच विचारलं, "पहले क्यों नहीं बताया?"

"कोणी विचारलं नाही मले."

करवतवाला परत गेला. दुपारी पुष्करनं लाइनमनला बोलावून आणलं. त्यानं वीज बंद करवली, शिडी लावली आणि तारेकडे झुकलेल्या फांद्या जोडापासून नीट कापल्या. पिकली जांभळं फरशीवर फुटत होती. कुसुमताई पायरीवर बसून पाहत होत्या. झाड एका अंगानं बोडकं झालं. मधल्या मोकळ्या जागेतून तार सरळ दिसू लागली.

"बाजू से फैलेगा अब, माताजी," लाइनमन म्हणाला. "हर साल कटवाते रहना।"

"हव," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी वीज आली, पंखा फिरू लागला. पुष्कर शेजारी येऊन बसला आणि खूप दिवसांनी मराठीत बोलला. "रडू येऊन राहिलं का, आई?"

त्यांनी खरोखर विचार केला.

"नाही रे. यायला पाहिजे, नाही का?"

त्या उठल्या आणि फरशी धुवायला बादली भरू लागल्या.