रशीदच्या आवडीचं सॅलड

रशीद गेल्याच्या चाळिसाव्याला त्याच्या आवडीचं सॅलड करायचंच, असं रझियाने ठरवलं तेव्हा राजिवड्यातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. गेलेल्या माणसाच्या आवडीचं फातेहाला मांडायचं, ही रीत घरोघरची. पण बिर्याणीच्या बाजूला सॅलड मांडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. हसेनात का. दोहाच्या हॉटेलात बावीस वर्षं सॅलड करणारा रझियाचा नवरा तिकडेच हार्टफेलने गेला आणि तिकडेच दफन झाला. त्याचं तोंडसुद्धा तिला बघायला मिळालं नाही. आता त्याच्यासाठी करण्यासारखं एवढंच उरलं होतं, आणि ते तरी नीट व्हावं म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता.

रशीद पत्रं लिहायचा नाही, कॅसेट भरून पाठवायचा. दर कॅसेटमध्ये ब्रोकोलीच्या सॅलडचं कौतुक ठरलेलं. साहेब लोक बोटं चाटतात, कृती अशी, एकदा तुला करून घालीन. दिवसभर भाज्या चिरणाऱ्या माणसाला दुसरं काय सांगण्यासारखं होतं? पण रझियाला वाटलं, त्याचा जीव त्या सॅलडवरच आहे.

बाजारात ब्रोकोली मागितली तर भाजीवालीने फ्लॉवर पुढे केला. शेवटी भावाने मुंबईहून कोकण रेल्वेने दोन गड्डे पाठवले, ओल्या फडक्यात गुंडाळून. चाळिसाव्याच्या सकाळी मुलीने, हुदाने, कॅसेट लावली. रशीद बोलायचा, हुदा बटण दाबून त्याला थांबवायची, रझिया तेवढं करायची. तुरे मिठाच्या उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून लगेच गार पाण्यात. अंड्याच्या बलकात थेंब थेंब तेल सोडत घोटायचं. पहिला घाणा फाटला तेव्हा रझिया चुलीपाशी बसून रडली. दुसरा जमला. त्यात व्हिनेगर, साय, बारीक कांदा, मनुका, काजू. तुरे त्यात घोळले तेव्हा तिला पहिल्यांदाच थोडं बरं वाटलं.

दुपारी नबील आला. जयगडचा, दोहाला रशीदच्या खोलीत चौदा वर्षं राहिलेला, नेमका सुट्टीवर होता. स्वयंपाकघराच्या दारातून त्याला ते भांडं दिसलं.

"भाबी, हे कशाला केलात? रशीदला ह्याचा वासपण सोसत नव्हता. ड्युटीवरनं आला की तीनदा साबणाने हात धुवायचा, मगच जेवायचा."

"काय जेवायचे?" रझियाने विचारलं.

"पेज आणि भाजलेला सुका बोंबील. रोज तेच. म्हणायचा, घरी गेलो की मना पाव्हण्यासारखं मटण वाढतात, पेज मागायची लाज वाटते."

नबील सहज बोलून ओटीवर जाऊन बसला. वाईट माणूस नव्हता तो. रझिया मात्र तिथेच खिळली. दोन वर्षांनी एकदा दोन महिने, अशा अकरा सुट्ट्या. प्रत्येक सुट्टीत तिने कोंबडी कापली, सुरमई तळली, सांदणं केली. सुट्टीवर आलेल्या माणसापुढे पेज ठेवली असती तर शेजारणींनी तोंडात शेण घातलं असतं. आणि तो मुकाट्याने जेवायचा, बरं झालंय म्हणायचा, ताटावरून उठायचा. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याचाही.

हुदा थाळा घेऊन आत आली. "अम्मी, मौलवीसाहेब थांबलेत. अब्बांच्या आवडीचं काय काय मांडू?"

"मना काय विचारतेस?" रझिया म्हणाली. "ओटीवर नबीलभाई बसलेत, त्यांना विचार."