बाबारावांची पहिली फर्माईश

मित्रांनो, मी रेडिओ. तीन बँडचा, काळ्या रंगाचा, उजव्या कोपऱ्यावर टवका उडालेला. रायपूरच्या तात्यापाऱ्यात बाबारावांच्या घरी कपाटावर माझी जागा आहे. वय तीस. माणसाचं हे काही वय नाही, पण रेडिओंमध्ये मी पणजोबा आहे. आजवर मी दुसऱ्यांचंच बोललो. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतो.

माझा जन्म कारखान्यात एका लांब टेबलावर झाला. एक बाई तारा जोडायची, दुसरी झाकण लावायची आणि शेवटी एक चष्मेवाला माणूस कान लावून ऐकायचा. माझ्यातून स्वच्छ बातम्या आल्या तेव्हा तो "पास" म्हणाला. मला मिळालेलं ते पहिलं कौतुक.

बाबाराव मूळचे गोंदियाकडचे, रेल्वेत नोकरीला. त्यांनी आणि विमलाबाईंनी मला गोलबाजारातल्या दुकानातून आणलं. घरी आल्यावर विमलाबाईंनी मला हळदीकुंकू लावलं आणि मग चालू केलं. त्या काळी मी लागलो की शेजारच्या घरातलं बोलणं थांबायचं. बातम्या, शेतीच्या गोष्टी, क्रिकेट, सगळं लोक माझ्याभोवती बसून ऐकायचे. पण माझा खरा दिवस रविवार. दुपारी बारा वाजता फर्माईशी लागायच्या.

मित्रांनो, फर्माईश म्हणजे काय ते सांगतो. तुम्हाला एखादं गाणं ऐकायचं असेल तर रेडिओ केंद्राला पोस्टकार्ड लिहायचं. खाली घरातल्या सगळ्यांची नावं. आधी निवेदिका ती नावं वाचायची, मग गाणं लागायचं. आपल्याकडे तर गाण्यापेक्षा नावांसाठीच कार्ड लिहिणारे जास्त. शेजारचे हिरालाल त्यांतलेच, फक्त ते आपलं नाव विमलाबाईंच्या कार्डात घालायला लावायचे. छत्तीसगढचे, कापडाच्या दुकानात कामाला. "भौजी, मेरा नाम सबसे ऊपर लिखना," असं ते दर वेळी सांगायचे आणि विमलाबाई दर वेळी त्यांना शेवटी टाकायच्या.

कार्डावर पहिलं नाव बाबाराव, दुसरं विमला. मध्ये कुणी नाही. त्याला कारण होतं. या दोघांनी घरात एकमेकांना कधी नावाने हाक मारली नाही. ते म्हणायचे, "ऐकून राहिली का?" त्या म्हणायच्या, "सुशीलचे बाबा." लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा बाबारावांना असा खोकला लागला, की भटजींनी पाणी आणवलं. विमलाबाई ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या. दोघांची नावं शेजारी-शेजारी यायची ती फक्त माझ्यातून. तेवढा वेळ विमलाबाई पोळपाटावरचा हात थांबवायच्या.

आणखी एक गंमत. दरवर्षी विमलाबाईंच्या वाढदिवसाच्या आठवड्यात एक खास कार्ड जायचं. "बाबाराव अपनी धर्मपत्नी विमला के जन्मदिन पर यह गीत सुनना चाहते हैं." हे कार्ड विमलाबाई स्वतःच लिहायच्या. बाबाराव ते फक्त पेटीत टाकून यायचे. रविवारी नाव आलं की दोघेही चकित झाल्यासारखे एकमेकांकडे बघायचे.

पुढे टीव्ही आला, मग मोबाइल. मुलाच्या, सुशीलच्या कानात इअरफोनची बोंडं आली. सून अपर्णा शंकर नगरच्या ऑफिसातून आली की भाजी चिरताना मोबाइलवर मालिका बघायची. बाबाराव वेगळ्या खोलीत रेल्वेचे व्हिडिओ बघायचे. घर तेच, पण प्रत्येकाचं केंद्र वेगळं. मला राग यायचा, नाही म्हणत नाही. माझ्या डोक्यावर औषधांचा डबा ठेवू लागले. रविवारी बारा वाजता मात्र विमलाबाई तो उचलून बाजूला ठेवायच्या.

मग फर्माईशही बदलली. पोस्टकार्डं कमी झाली होती. निवेदिकेने सांगितलं, आता व्हॉट्सॲपवर आपल्या आवाजात संदेश पाठवा, तोच आम्ही ऐकवू. विमलाबाई म्हणाल्या, "आता तुम्हीच बोला. मी काय लिहू?" बाबाराव म्हणाले, "पाहू."

ते पाहणं राहूनच गेलं. दिवाळीनंतर विमलाबाई गेल्या. आजार थोड्याच दिवसांचा झाला. बाबाराव सकाळी दोन कप चहा करायचे आणि एक परत पातेल्यात ओतायचे. मला कुणी लावलं नाही. माझ्या पोटातले सेल पाझरले.

या जूनमध्ये हिरालाल घरी आले. बसलेही नाहीत. "भैया, अगले इतवार भौजी का जन्मदिन है. फर्माईश भेजे का?"

"कार्ड कोण लिहिणार?"

"कार्ड कहाँ? अब तो बोलना पड़ता है."

अपर्णाने लगेच मोबाइल बाबारावांच्या हातात दिला. "बाबा, हे बटन दाबून धरा अन् बोला."

बाबारावांनी घसा साफ केला. "प्रति, माननीय उद्घोषक महोदया, रायपूर. सविनय नमस्कार. विषय..."

"बाबा! अर्ज नाही करून राहिलो आपण!"

दुसऱ्यांदा ते म्हणाले, "सुशीलच्या आईच्या वाढदिवसानिमित्त..."

"अहो, रायपुरात किती सुशील असतील. त्या सगळ्यांच्या आया खूश होतील. नाव घ्या नं."

तिसऱ्यांदा खोकला आला. तोच, लग्नातला. अपर्णाने पाणी आणलं. चौथ्यांदा त्यांनी फक्त "वि" म्हटलं आणि मोबाइल टेबलावर ठेवून दिला. "मले नाही जमत. तूच बोल."

"मी बोलीन, बाबा. पण मग ती माझी फर्माईश होईल."

हिरालाल पुढे सरकले. "मैं बोल देता हूँ. हव, मेरी आवाज भी अच्छी है."

"तू काहून बोलशील?" बाबाराव उठलेच. "बायको माझी होती का तुझी?"

त्यांनी मोबाइल उचलला आणि गच्चीवर गेले. दहा मिनिटांनी खाली आले. अपर्णाने मोबाइल बघितला. संदेश गेला होता. "काय बोललात?" तिने विचारलं. "गेलं ते गेलं," एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, मी गच्चीवर नव्हतो. आणि माझ्यातून उद्या काय बोललं जाईल हे मला आज कळत नाही. म्हणून त्या आठवड्यात माझाही जीव टांगणीला लागला. त्यातून माझं पोट बिघडलेलं. शनिवारी हिरालालांनी पॉलिश पेपरने माझ्या गंजलेल्या पट्ट्या घासल्या, अपर्णाने नवे सेल घातले. आधी नुसती खरखर. मग आवाज फुटला. हिरालालांनी माझ्या डोक्यावर थाप मारली.

रविवारी बाराला सगळे जमले. सुशीलने, मी ऐन वेळी दगा दिला तर असावं म्हणून, मोबाइलवरही केंद्र लावलं. पाच फर्माईशी झाल्या. सहावी होती महासमुंदची. सातवी सुरू झाली आणि माझ्यातून बाबारावांचा आवाज आला.

"मैं बाबाराव, तात्यापारा, रायपुर." मग बराच वेळ काहीच नाही, नुसता गच्चीवरचा वारा. "विमला." पुन्हा वारा. आणि पुढे मराठीत, "विमला, आज तुझा वाढदिवस. दरवर्षीचं कार्ड तूच लिहायची. मले माहीत होतं. तुलेही माहीत होतं का मले माहीत आहे. या वर्षी मी बोलून राहिलो."

निवेदिका गाण्याचं नाव सांगू लागली.

तेवढ्यात माझ्या वीसेक सेकंद मागून चालणाऱ्या मोबाइलमधून पुन्हा आलं. "विमला."

बाबाराव लाजून लाल झाले. "अरे, बंद करा ते! एकदा झालं नं!"

"चाळीस वर्षांत एकदाही नाही," अपर्णा डोळे पुसत हसली. "आता दोनदा तर होऊ द्या, बाबा."

हिरालाल रडतही होते आणि विचारतही होते, "मेरा नाम? भैया, मेरा नाम नहीं लिया?"

मग गाणं लागलं. पहिल्या कडव्याला बाबारावांनी माझा आवाज वाढवला.

मोबाइलवरचा माझा राग त्या दिवशी गेला. पोस्टकार्डावर बाबारावांचा आवाज कधी आला नसता. तेव्हा मित्रांनो, तुम्ही खुशाल मोबाइलवर ऐका. फक्त आठवड्यातून एकदा कानातली बोंडं काढा आणि घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं काहीतरी लावा. घरी माझ्यासारखा कुणी असेल तर पुसून ठेवा, आणि वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा. आणि ज्याचं नाव घ्यायचं आहे तो शेजारच्या खोलीत असेल तर आत्ताच उठा, दारात जा आणि हाक मारा. माझ्यातून घेतलेलं नाव फार लांब जातं, पण त्याला "ओ" देता येत नाही.