खचलेल्या शेतावरचा पंप

मी फ्लोरिडातल्या एका स्ट्रॉबेरीच्या शेतावरचा जुना, गंजलेला पंप आहे. लोक म्हणतात, मीच इथली जमीन गिळली. म्हणू देत! पण मित्रांनो, तुम्ही माझी बाजू ऐका.

कारखान्यातून आलो तेव्हा माझा हिरवा रंग चकाकत होता. शेताची मालकीण ऑटी मेब्री मला स्वतः फडक्याने पुसायची. जमिनीखालचे नितळ पाणी ओढून रोपांवर फवारणे हे माझे काम. कडाक्याच्या थंडीत तर माझा मान भारी वाढे. फवारलेल्या पाण्याचे फळांवर बर्फ होई आणि त्या कवचाखाली फळे वाचत. शेजारी कौतुकाने म्हणत, "ऑटीचा पंप म्हणजे सोनं आहे, सोनं!"

पायाखाली मात्र कोणी पाहिले नाही. आमच्या वाळूखाली चुनखडीचा दगड आहे. पावसाचे किंचित आंबट पाणी त्याला युगानुयुगे विरघळवत आले आणि आत पोकळ्या झाल्या. त्यांत भरलेले पाणीच वरच्या मातीला आधार देत होते. तेच मी उपसत होतो. शेजारचे पंपही तेच करत होते.

एका हिवाळ्यात थंडी हटेचना. मी अखंड चालत राहिलो. एका सकाळी माझ्यातून गढूळ पाणी आले. ऑटीच्या स्वयंपाकघराची भिंत तडकली, दार चौकटीत अडकू लागले. ती तडक माझ्याकडे आली.

"हॉलिस, पंप बंद कर."

तिचा धाकटा भाऊ बटणासमोर आडवा उभा राहिला. "डोकं फिरलंय का, ताई? अख्खं पीक जाईल!"

"जाऊ दे. खाली पोकळ झालंय."

"लोक हसतील आपल्याला!"

"हसू देत. दात त्यांचे, तोंड त्यांचं. तू सरक!"

तिने त्याला कोपराने ढकलले आणि मला बंद केले. मग शेडमध्ये फळे निवडणाऱ्या बायकांना तिने बाहेर काढले.

"बाहेर गारठून मरायचं का आम्ही?" त्यांतली मार्सेलिना करवादली.

"कुडकुडा, पण इथेच उभ्या राहा!"

दुपारपर्यंत कोवळी फळे काळवंडली. चिडलेला हॉलिस रिकाम्या पेट्या आणायला शेडकडे निघाला, तशी ऑटीने त्याची कॉलर धरली.

"सोड! मी काय लहान आहे?"

त्याच क्षणी शेडखालची जमीन बशीसारखी वाकली. टेबले, भिंती, छप्पर, सारे धडाधड खाली गेले. हॉलिसने बहिणीचा हात घट्ट धरला. तो त्याने किती तरी वेळ सोडला नाही.

पुढे शेजारी म्हणाले, "आयता खड्डा आहे, भंगार टाकून बुजवू. त्या अवलक्षणी पंपालाही ढकला आत."

"हे भोक थेट पिण्याच्या पाण्यात उतरतं," ऑटी कडाडली. "आणि पंपाला कशाला बोल लावता? बटण आपण दाबलं!"

शेजारचे पंप अजून धडधडतात. पाणी कमी उपसा, असे ऑटी दारोदार जाऊन सांगते. एकाने दार आपटले की पुढचे ठोठावते.

मित्रांनो, भिंत तडकली, दार अडू लागले, विहीर गढुळली, तर लाजू नका, आधी बाहेर पडा. खचलेल्या जागेच्या काठाशी गंमत बघायला तर मुळीच जाऊ नका. आणि गंजाची मला लाज वाटेल, असे समजू नका. कोणीही या, बटण दाबून पाहा. मी आता सुरू होणार नाही.