थांबवलेला माग

सुलूमावशीचा आवाज मला आठवत नाही. आठवतो तो तिच्याभोवतीचा अखंड खडखडाट. कामठीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ यंत्रमाग एकदम चालत, तेव्हा शब्द व्यर्थ ठरत, म्हणून तिथली सगळी माणसं हातांनी बोलत. मावशी तर हातांनीच रागवायची आणि हातांनीच थट्टा करायची. झरोक्यातून उतरणाऱ्या हिवाळी उन्हाच्या तिरिपेत सुताची धूळ तरंगत असे आणि त्या धूसर उजेडात तिची बोटं तुटलेला धागा चालत्या मागावरच जोडून टाकत. माग थांबवणं तिला कमीपणाचं वाटायचं.

तिच्यावर मी एक कथा लिहिली. नोकरीसाठी गाव सोडताना मी शेडच्या दारात उभा राहिलो आणि तिनं हात वर करून मला निरोप दिला, एवढीच ती कथा. यंदा त्या कथेवर चित्रपट निघाला आणि माझं डोकंच फिरलं.

मावशीचे यजमान, आमचे मौसाजी, आता एकटेच असतात. त्यांना कामठीहून ऑटोत बसवून मी नागपूरला चित्रपट दाखवायला आणलं. पडद्यावरची मावशी कोऱ्या कडक साडीत, डोळे पुसत, पाच मिनिटं बोलत होती. माती काय, मुळं काय, मातृत्व काय! जी बाई 'जेवलास का' हेसुद्धा पाच बोटं ओठांशी नेऊन विचारायची, तिच्या तोंडी हे भाषण? आणि ते ऐकू यावं म्हणून तिनं आधी खटका ओढून माग बंद केला. वर सनई. अरे, निदान माग तरी चालू ठेवायचा होता! संताप सगळ्यात जास्त याचा, की आता डोळे मिटले तरी त्या नटीचाच चेहरा समोर येतो.

बाहेर येताच मी तावातावानं म्हणालो, "मौसाजी, मावशीची पुरी वाट लावली ना जी ह्या लोकायनं! माग काहून बंद केला?"

ते पायरीवर बसून संत्रं सोलत होते. "तुयाच कथेत बंद केला होता ना गा," ते म्हणाले. "तू वाचून दाखवली तवा मी काई बोललो नाई. पण मी तिथंच होतो, तिनं माग बंद नोता केला. एक हात धाग्यावरच होता. दुसरा तुले दाखवला अन् लागली कामाले."

त्यांनी अर्धं संत्रं माझ्या हातावर ठेवलं.

घरी येऊन मी पुस्तक काढलं. शेवटचं वाक्य माझंच होतं: 'आणि माग थांबला.' दिग्दर्शकानं त्या आयत्या शांततेत भाषण भरलं, एवढाच त्याचा अपराध. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच! वाक्य लयीत बसलं म्हणून लिहिलं, असं मी स्वतःला समजावून पाहिलं, पण ते खरं नाही. मी जाताना ती माझ्यासाठी क्षणभर थांबली, असं मला हवं होतं.

मावशीला जाऊन आता चार हिवाळे झाले. डोळे मिटून मी तो खडखडाट पुन्हा ऐकू पाहतो. पण ऐकू येते ती मीच लिहून ठेवलेली शांतता.